दातांच्या तारा योजनेत घ्या: खान्देशातल्या एका शिक्षिकेचं आरोग्य खात्याला खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि राज्य आरोग्य हमी सोसायटीतले अधिकारी, ज्यांच्या टेबलावर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या पॅकेजची, म्हणजे कोणत्या उपचाराला पैसे मिळतात त्याची, यादी ठरते ते सगळे

सप्रेम नमस्कार वि. वि.

मी चोपडा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, सतरा वर्षं झाली. नोकरी सरकारी आहे म्हणून खाली नाव टाकत नाही, तेवढं समजून घ्या. पत्र लांबलंय, पण मनापासून लिहिलंय, शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

माझ्या सातवीच्या वर्गात एक पोरगी आहे. आई-बाप दोघं केळीच्या बागेत मजुरीला जातात, आईला अडीचशे-तीनशे रोज, बापाला चारशे, तेही काम असेल त्या दिवशी. पोरगी हुशार आहे, गणितात तर वर्गात पहिली. पण तिला उभं राहून धडा वाचायला सांगितलं की रुमाल तोंडावर जातो. पाचवीत आली तेव्हा मला वाटायचं सर्दी असेल. नंतर एकदा मधल्या सुट्टीत बघितलं, कोणीतरी पेरू आणले होते, हिने तिच्या वाट्याचा पेरू आधी मैत्रिणीला चावायला दिला, मैत्रिणीने समोरून एक मोठा घास तोडला, मग उरलेला पेरू हिने तोंडाच्या कडेला सरकवून दाढेने खाल्ला. दोघींची ही पद्धत ठरलेली होती, त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मला मात्र त्या दिवशी डबा गेला नाही.

तिचे वरचे समोरचे दात खूप पुढे आहेत. इतके की ओठ मिटतच नाही. तुम्हाला आमच्याकडचा उन्हाळा माहीत असेल, एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास असतो, अशा हवेत ज्याचं तोंड दिवसरात्र उघडं राहतं त्याच्या हिरड्यांचं काय होत असेल. तिच्या हिरड्या सुजून लाल होतात, ओठ फुटतात, रक्त येतं. आणि खालचे दात वर जाऊन टाळूला टोचतात. मी मोबाईलची टॉर्च लावून बघितलं, वरच्या दातांच्या मागे टाळूवर ओळीने खालच्या दातांचे ठसे उमटलेले, मध्ये दोन ठिकाणी जखम. भाकरी गरम असली की झोंबते म्हणून ती वरणात कुस्करून, गार करून खाते.

तिच्या आईला मी शाळेत बोलावलं. ती माऊली काम सोडून आली, दाराशीच उभी राहिली आणि पहिलं वाक्य बोलली, "मॅडम, मनी पोर हासत नही." टाळूचं, हिरड्यांचं तिला माहीतच नव्हतं, पोरीने घरी सांगितलं नव्हतं. आईला एवढंच दिसत होतं की पोरगी हसत नाही.

मग मी दोघींना घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. तिथले दातांचे डॉक्टर चांगले होते, हे मुद्दाम सांगते. त्यांनी नीट तपासलं, एक छोटी पारदर्शक पट्टी वरच्या दाताला आडवी लावून मोजलं आणि बोलले, अकरा मिलिमीटर. मला त्यांनी समजावून सांगितलं की वरचे दात खालच्यांच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे असणं नॉर्मल, सहाच्या पुढे गंभीर, नऊच्या पुढे अति गंभीर. हिचे अकरा. म्हणजे काम ऑर्थोडॉन्टिस्टचं, दात आणि जबडा ओळीत आणणारा स्पेशालिस्ट असतो त्याचं, आणि सरकारी दवाखान्यात आमच्याकडे तो नाही. बाहेर दाखवलं तर ४५ हजार सांगितले. आई बोलली, "दातले इतला पैसा लागस?" आणि पुढे काही बोललीच नाही, बसस्टँडपर्यंत गप्प.

मला वाटलं योजना आहे ना. महात्मा फुले जन आरोग्य योजना. आम्हा खान्देशवाल्यांना तर ही योजना पहिल्यापासून माहीत, २ जुलै २०१२ ला राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आमचं धुळं होतं. या योजनेने आमच्याकडच्या किती घरांना वाचवलंय ते मी डोळ्याने पाहिलंय, माझ्या सख्ख्या चुलतभावाची अँजिओप्लास्टी त्यातच झाली, एक रुपया लागला नाही. आता तर कार्ड पिवळं की केशरी की पांढरं हा प्रश्नही तुम्ही सोडवला, सगळ्या कुटुंबांना योजना लागू केली, वर्षाला पाच लाखांपर्यंत. म्हणून मी मोठ्या भरवशाने योजनेतल्या एका हॉस्पिटलात दोघींना घेऊन गेले. आरोग्यमित्राच्या, म्हणजे तिथे योजनेचं काम बघणाऱ्या पोराच्या, टेबलावर तिच्या आईने लॅमिनेशन केलेलं केशरी कार्ड आणि आधार ठेवलं. त्या पोराने कॉम्प्युटरवर शोधलं, परत शोधलं, मग विचारलं, पेशंट ॲडमिट आहे का? मी बोलले नाही. ऑपरेशन आहे का? नाही, तारा लावायच्या आहेत. मग बसत नाही मॅडम. त्या पोराची चूक नाही, त्याच्या यादीत नाही तर तो काय करणार.

तीन मिनिटांत आम्ही बाहेर. पोरगी रुमाल तोंडावर धरून बाकावर बसली होती.

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलेय. जे समजलं ते असं की आपल्या योजना मुळात दवाखान्यात भरती होण्यावर बांधल्या आहेत. आयुष्मान भारत २०१८ ला आली तीही तशीच, आणि तिच्या न बसणाऱ्या गोष्टींच्या यादीत दातांची सुधारणेची किंवा दिसण्यासाठीची ट्रीटमेंट आहे, आजार किंवा इजा होऊन ॲडमिट करावं लागलं तरच दात बसतात. म्हणजे मोटरसायकलवरून पडून जबडा मोडला तर बसेल. आणि जो जबडा वाढतानाच चुकीचा वाढतोय, तोंडातली जखम भरू देत नाही, तो नाही बसणार, कारण त्याला रात्री कॉट लागत नाही. पात्र कोण हे तुम्ही कॉटवरून ठरवताय. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की दातांच्या बाबतीत ते दातावरून ठरवा, किती मिलिमीटर आहे, जखम आहे का, दात हाडात अडकलाय का, चावता येतं का, यावरून.

तुम्ही म्हणाल की योजना ॲडमिट पेशंटचीच आहे, महिन्या-महिन्याला येणाऱ्याला कसं बसवायचं. पण साहेब, डायलिसिस बसतंच ना. आमच्या गावातून दोघं जण जातात, आठवड्यातून दोनदा, चार तास मशीनवर बसतात आणि संध्याकाळच्या एसटीने घरी येतात, आणि ते योजनेत आहे, असायलाच पाहिजे. केमोथेरपीच्या पेशंटचंही तसंच, एक डोस घेतला, घरी आला, परत तारखेला गेला. म्हणजे हप्त्याहप्त्याने चालणाऱ्या ट्रीटमेंटचं पॅकेज कसं करायचं हे तुमच्या सोसायटीला माहीत आहे. मी डायलिसिसची आणि दातांची बरोबरी करत नाही, ते जिवाचं काम आहे, कळतंय मला. पण पॅकेज बनवता येत नाही हे कारण तरी देऊ नका.

दुसरं कारण मला नेहमी ऐकायला मिळतं, आमच्या स्टाफरूममध्येही ऐकलं, की हे शोभेचं काम आहे, सरकारने पोरींचे दात सरळ करत बसायचं का. यावर मी खूप विचार केला कारण हे बोलणारे वाईट लोक नाहीत. आणि त्यांचं अर्धं खरंही आहे. एखादा दात थोडा वळलेला आहे, दोन दातांत फट आहे, फोटोत नीट दिसत नाही, त्यासाठी सरकारच्या पैशाने तारा लावा असं मी कधीच म्हणणार नाही. रेषा ओढावीच लागेल. पण रेषा ओढता येते, आणि जगात ती ओढलेली आहे. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्य सेवेत १८ वर्षांखालच्या पोरांना तारा फुकट लावतात, पण मागेल त्याला लावत नाहीत. तिथे १९८९ साली दोन दंततज्ज्ञांनी, ब्रूक आणि शॉ यांनी, एक मोजमाप तयार केलं, त्यात दातांच्या तब्येतीचे पाच ग्रेड आहेत. एक आणि दोनला नाही. चार आणि पाचला मिळतं. तीनवाल्यांसाठी वेगळे दहा फोटो आहेत, पोराचे दात कोणत्या फोटोसारखे दिसतात ते बघायचं, सहावा फोटो किंवा त्याच्या पुढचा असेल तर मिळतं. वरचे दात नऊ मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे असले तर सरळ ग्रेड पाच. दुभंगलेला ओठ-टाळू असेल तर तेही पाच. म्हणजे माझी विद्यार्थिनी तिथे जन्मली असती तर त्या पारदर्शक पट्टीवरच तिचा निकाल लागला असता, आई काय काम करते, बाप किती कमावतो, काही विचारायची गरज नव्हती.

तिथेही सगळं गोड नाही, थांबावं लागतं, तिसऱ्या ग्रेडचे आई-बाप नाराज होतात. पण निदान आपल्याला का नाही मिळालं हे त्यांना कळतं, एक आकडा सांगितला जातो. आमच्या पोरीच्या आईला काय सांगितलं? बसत नाही. एवढंच. कशात बसत नाही, का बसत नाही, किती पाहिजे होतं, काही नाही.

जर्मनीची एक गोष्ट मला फार आवडली ती पण सांगते. तिथेही २००२ पासून असेच पाच ग्रेड आहेत, तीन आणि त्याच्या पुढच्या ग्रेडला आरोग्य विमा पैसे देतो. पण २० टक्के रक्कम आधी घरच्यांनी भरायची, आणि ट्रीटमेंट शेवटपर्यंत पूर्ण झाली की ती परत मिळते. कारण तारांच्या कामात सगळ्यात मोठा धोका अर्धवट सोडण्याचा असतो. आपल्याकडे मजुराकडून आधी २० टक्के मागायचे म्हणजे त्याला दारातूनच परत पाठवणं झालं, ते नका करू. उलटं करा ना, डॉक्टरच्या पैशातला शेवटचा पाचवा हिस्सा राखून ठेवा, तारा निघून रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात परत सरकू नयेत म्हणून घालायचं उपकरण, पोराच्या हातात पडला की द्या. मग क्लिनिकच पोराला फोन करून करून बोलवेल.

अर्धवट सोडण्याबद्दल मी इतकं बोलतेय कारण हे घरात बघितलंय. माझ्या स्वतःच्या मुलीला तारा लावल्या आहेत. तिचा वरचा एक सुळा हाडात आडवा अडकला होता, एक्स-रेत दिसला, वेळेत ओढून आणला नसता तर शेजारच्या दाताचं मूळ खाल्लं असतं. ५२ हजार आले. आमच्या शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढलं, पगारातून कापले गेले, जाणवलं पण झालं. बावीस महिने, दर महिन्याला जळगाव. पहिल्या आठवड्यात ती रडायची, गालाला आतून तार घासायची, मी मेणाच्या छोट्या गोळ्या करून ब्रॅकेटवर, म्हणजे तार धरायला दाताला चिकटवलेल्या बारीक तुकड्यावर, लावायचे. कधी भाजलेले दाणे खाऊन ब्रॅकेट निघायचं की परत एक चक्कर. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या ट्रीटमेंटला पैशाइतकाच वेळ लागतो, आणि मजुरीवाल्या घरात एक चक्कर म्हणजे आईचा एक रोज बुडाला. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे त्याचा आधार होतो, खरंच होतो, पण बुडालेला रोज कोण देणार.

लोक सांगतात सरकारी डेंटल कॉलेजला जा, तिथे अगदी कमी पैशात होतं. बरोबर आहे. पण राज्याची सरकारी डेंटल कॉलेजं पिढ्यान्‌पिढ्या मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. आमच्या पोरीला जवळचं म्हणजे संभाजीनगर, चोपड्याहून जळगाव, जळगावहून अजिंठ्याच्या रस्त्याने पुढे. सकाळी निघून रात्री परत आलं तर नशीब, आणि हे वीस महिने. आणि धडगाव, तोरणमाळच्या पोराचा तर विचारच करवत नाही, त्याला आधी नंदुरबार किंवा शहाद्यापर्यंत पोचायलाच अर्धा दिवस. २०१७ साली जळगावला वैद्यकीय संकुल मंजूर झालं त्यात दंत महाविद्यालयाचंही नाव होतं, आम्ही पेपरात वाचून पेढे वाटायचे बाकी होतो. त्या कॉलेजात दात काढायच्या आणि भरायच्या विभागाबरोबर तारांचा विभाग पहिल्यापासून पाहिजे, नंतर बघू असं नको.

आता एक दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण इथे सरकारने अर्धं काम आधीच केलंय. सातपुड्याच्या पायथ्याला एका पाड्यावर मी काही वर्षं होते, पावरा आदिवासींची वस्ती. तिथल्या एका पोराचा ओठ आणि टाळू जन्मतः दुभंगलेला. त्याच्या आईला सगळ्यांनी ऐकवलं की पोटुशी असताना ग्रहणात भाजी चिरली असेल. आपल्या देशात साधारण सातशे-आठशे जन्मांमागे एका बाळाला हे होतं, ग्रहणाचा काही संबंध नाही, हे मी तिला किती वेळा समजावलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम अंगणवाडीत आली, त्यांनी नोंद केली आणि ऑपरेशन फुकट झालं. ओठ शिवला, टाळू शिवला. हा कार्यक्रम २०१३ ला आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला, चांगला कार्यक्रम आहे, त्या टीमची गाडी शाळेच्या अंगणात आली की मला बरं वाटतं.

पण पोरगा आठ-नऊ वर्षांचा झाला तेव्हा कळलं की काम संपलेलं नव्हतं. ज्या ठिकाणी हिरडीत फट असते तिथे हाड भरावं लागतं, कंबरेच्या हाडातून थोडं काढून, आणि ते साधारण आठ ते अकरा या वयात, पक्का सुळा यायच्या आधी करायचं असतं, म्हणजे सुळा त्या हाडातून खाली उतरतो. आणि ते करायच्या आधी वरचा जबडा आकसलेला असतो तो तार लावून रुंद करावा लागतो. पुढे सगळे पक्के दात आल्यावर परत तारा. म्हणजे बघा, ओठाला पैसे आहेत, टाळूला आहेत, हाड भरायचं म्हटलं तर तेही ऑपरेशनच, आणि त्या सगळ्यांच्या मधली जी तार आहे, जिच्यावाचून पुढचं नीट होत नाही, ती आई-बापाने आणायची. काही धर्मादाय संस्था हेही करतात, पण त्यांची सेंटरं मोठ्या शहरात. या पोराचे दात एकावर एक चढलेले, एक तर ओठाच्या शिवणीमागून तिरपा बाहेर आलेला. तो बोलला की अर्धे शब्द पोरांना कळायचे नाहीत. सहावीनंतर आश्रमशाळेत जायला तयार झाला नाही, आता बापाबरोबर गुजरातला ऊसतोडीला जातो. मी त्याला शेवटचं बघितलं तेव्हा तोंडाला गमछा गुंडाळलेला होता, थंडी पण नव्हती.

म्हणून माझी पहिली मागणी ही आहे की दुभंगलेल्या ओठ-टाळूची जी जी मुलं बाल स्वास्थ्य कार्यक्रमात नोंदवलेली आहेत, त्यांची तारांची ट्रीटमेंट १८ वर्षांपर्यंत त्याच नोंदीवर, नवीन कागद न मागता, फुकट झाली पाहिजे. यात तर वाद घालण्यासारखं काहीच नाही. तुमच्याकडे नावं आहेत, गाव आहे, जन्मतारीख आहे. ऑपरेशन झालेलं आहे. नवीन पात्रता ठरवायचीही गरज नाही.

बाकीच्यांसाठी मोजमाप ठरवा. ब्रिटनचं घ्या किंवा आपल्या तज्ज्ञांना बसवून आपलं बनवा, १९८६ चं आणखी एक मोजमाप आहे, डेंटल ॲस्थेटिक इंडेक्स नावाचं, जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्व्हेच्या पुस्तकातही ते घेतलं होतं, त्यात ३६ किंवा जास्त मार्क पडले तर ट्रीटमेंट अत्यावश्यक मानतात. कोणतंही घ्या. सुरुवातीला फक्त सगळ्यात वरचा ग्रेड घ्या, मी सांगते तरी तेवढाच घ्या, कारण मला माहीत आहे सरकारकडे पैशाचं झाड नाही. आमच्या शाळेत त्या दातांच्या डॉक्टरांना मी नंतर एकदा बोलावलं होतं, त्यांनी पाचवी ते सातवीची सगळी पोरं बघितली, वाकडे-तिकडे दात पुष्कळांचे होते, पण खरोखर गंभीर म्हणून त्यांनी बाजूला काढली ती दोन. तीन वर्गांत मिळून दोन. दोन पोरांसाठी राज्य बुडत नाही.

शाळा तपासायला टीम वर्षातून एकदा येतेच. वजन करते, उंची मोजते, डोळे बघते, दात किडलेत का तेही बघते. त्यांच्या पेटीत ती एक पारदर्शक पट्टी टाका आणि पाचवी ते सातवीच्या पोरांसाठी दातांचे दोन-तीन प्रश्न वाढवा, वरचे दात किती पुढे आहेत, खालचे दात टाळूला टोचतात का, सुळा यायच्या वयात आलाय की नाही. पट्टी वापरायला शिकायला मला दहा मिनिटं लागली, त्यांना तर तेवढीही लागणार नाहीत. पाचवी ते सातवीच का म्हणते, तर पुढे आलेले दात असतील तर जबडा वाढत असतानाच काही साधी, काढघाल करायची उपकरणं बसवता येतात, खालच्या जबड्याला पुढे यायला मदत होते, आणि पोरींची वाढ लवकर होते, अकरा-बारा-तेरा. वाढ थांबली की तेच काम कठीण होतं, पक्के दात काढावे लागतात, फार गंभीर असेल तर जबड्याचं ऑपरेशन, त्याचा खर्च लाखात. म्हणजे आज ४५ हजार नाही म्हणून थांबवलेलं पोरगं उद्या जास्त महागात पडणार, कोणाला तरी, तुम्हाला किंवा त्याच्या आई-बापाला. आणि पुढे आलेले दात पडझडीत सगळ्यात आधी तुटतात हे तर प्रत्येक शाळेच्या मैदानावर दिसतं, आमच्या खो-खोच्या टीममध्येच एकीचा तुटला.

आणि ट्रीटमेंट तालुक्यापर्यंत आणा. राष्ट्रीय मुख आरोग्य कार्यक्रमातून दवाखान्यांत दातांची खुर्ची आली आहे, अनेक ठिकाणी डेंटल सर्जनही आहेत. ऑर्थोडॉन्टिस्ट मात्र रोज लागत नाही, महिन्यातून एक दिवस लागतो. धुळ्याला खाजगी डेंटल कॉलेज आहे, जळगाव-धुळ्याला प्रॅक्टिस करणारे स्पेशालिस्ट आहेत, त्यांना मानधन द्या आणि महिन्यातला एक ठरलेला दिवस चोपड्याला, एक शिरपूरला, एक शहाद्याला, एक चाळीसगावला बसवा. तो दिवस त्या गावाच्या आठवडे बाजाराचा ठेवा. हे मी विचार करून सांगतेय, बाजाराच्या दिवशी मजुरी तशीही बंद असते, माय बाजाराला येतेच, ती पोराला बरोबर आणेल आणि तिचा रोज बुडणार नाही. मुंबईत बसून कदाचित ही गोष्ट बारीक वाटेल. आमच्याकडे याच बारीक गोष्टीवर ट्रीटमेंट पूर्ण होते किंवा सुटते. मधल्या दिवसात तार टोचली, ब्रॅकेट निघालं तर तिथला रोजचा डेंटल सर्जन बघू शकेल.

नाकारायचं असेल तर लेखी नाकारा, ग्रेड लिहून, तारीख टाकून. वर्षभराने दात आणखी बिघडले तर परत मोजून घ्यायचा हक्क असू द्या. एका कागदाचं काम आहे.

एक सांगायचं राहिलं. या पोरीची आई परवा बोलली की दातांमुळे पुढे स्थळ मिळायला अडचण होईल, आतापासून नातेवाईक बोलतात. मला हे आवडलं नाही, तिलाही मी बोलले की ती सातवीत आहे, आत्ता असले विषय काढायचे नाहीत. पण तिची काळजी खोटी नाही, आमच्या समाजात हे बोललं जातं आणि पोरीच्या कानावर पडतं. योजनेसाठी मी हे कारण देत नाहीये. टाळूवरची जखम पुरेशी आहे.

ती आता बारा वर्षं आणि चार महिन्यांची आहे. आमची शाळा सातवीपर्यंतच, जूनमध्ये ती आठवीला दुसऱ्या गावच्या हायस्कूलला जाईल आणि माझ्या नजरेआड होईल. दवाखान्याचा केसपेपर, डॉक्टरांनी लिहिलेलं अकरा मिलिमीटर, केशरी कार्डाची झेरॉक्स आणि शाळेच्या तपासणीत निघालेल्या त्या दुसऱ्या पोराचाही कागद, सगळं माझ्याकडे एका फाईलमध्ये लावून ठेवलंय. जूनच्या आत ही फाईल कोणत्या ऑफिसात, कोणाच्या टेबलावर आणून द्यायची तेवढं कळवा, मी सुट्टी टाकून घेऊन येते.

आपली नम्र,
एक जिल्हा परिषद शिक्षिका
ता. चोपडा, जि. जळगाव